हवेची पकड, हमालाची पाठ

कापडाच्या धंद्यात आमची उमर गेली. ट्रक आला की महाडच्या बाजारात हमाल गाठीला लोखंडी आकडी मारून ती खाली ओढतात. आकडी गोणपाटातून आत शिरली की वरच्या ताक्याला भोक पडते आणि तो ताका कटपीसच्या भावाने विकावा लागतो. नुकसान आमचे होते, पण दोष हमालाला देता येत नाही. गुळगुळीत, जड माल नुसत्या बोटांनी धरायचा तरी कसा?

कारखान्यांनी या सवालाला हवेचे उत्तर शोधले आहे. त्याला हवेने फुगणारा न्यूमॅटिक ग्रिपर म्हणतात. नाव मोठे असले तरी युक्ती सोपी आहे. पोलादपूरला, महाबळेश्वरचा रस्ता जेथे महामार्गाला मिळतो तेथे, पंक्चरवाल्याचे काम पाहा. रिकामी ट्यूब टायरमध्ये सहज सरकते. हवा भरली की तीच ट्यूब टायरला आतून घट्ट धरते.

ग्रिपरही असाच असतो. धातूच्या दट्ट्यावर रबरी फुगा बसवलेला असतो. कापडाचा रोल ज्या पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळतात, त्या नळीत दट्ट्या घालायचा आणि कॉम्प्रेसरची हवा सोडायची. फुगा नळीला चोहोबाजूंनी सारखा दाबतो आणि घर्षणाने रोल उचलला जातो. हवा सोडली की पकड सुटते. सुताच्या बॉबिनीही अशाच आतून धरून उचलता येतात. बाटलीसाठी उलटी रचना असते. कड्याच्या आतला फुगा बाटलीची मान बाहेरून धरतो आणि काच फुटत नाही.

काच किंवा पत्रा उचलायला हवा शोषणारी रबरी वाटी चालते. कापडाला ती निकामी ठरते, कारण विणीतून हवा निसटते. म्हणून रोल नळीतून धरणेच बरे.

व्यापाऱ्याला हिशोब हवा, म्हणून तोही मांडतो. समजा, नळीचा आतला व्यास ७.६ सेंटिमीटर आहे आणि फुगा १० सेंटिमीटर लांब आहे. टेकणारी जागा सुमारे २३८ चौरस सेंटिमीटर झाली. दर चौरस सेंटिमीटरला २ किलो दाब धरला तर एकूण दाब ४७६ किलो. घर्षण ०.४ मानले तर पकड सुमारे १९० किलो. सुरक्षेसाठी त्याचा चौथा हिस्सा धरला, तरी ४५ किलोचा रोल निर्धास्त उचलता येतो.

धोकेही ध्यानात ठेवावेत. फुगा फुटला तर माल खाली येतो, म्हणून ओझ्याखाली कोणी उभे राहू नये. नळी आली तरी हवा परत जाऊ नये, यासाठी झडप हवीच. दाबाचा काटा रोज पाहावा. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत; तेथे कोणते रबर कोणत्या रसायनाला टिकते, हे विचारूनच खरेदी करावी.

हवेचा हाच जोर माणसांच्या सुटकेसाठीही वापरला जातो. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडची तारिक गार्डन इमारत कोसळली आणि १६ जण दगावले. अशा ढिगाऱ्यात शिरण्यासाठी बचाव पथकांच्या साहित्यात हवेच्या चपट्या पिशव्या असतात. बोटभर फटीत सरकवून हवा भरली की त्या टनावारी ओझे वर उचलतात. मात्र पिशवी फुगून गोल होऊ लागली की टेकणारी जागा घटते आणि ताकदही घटते. म्हणून थोडे उचलायचे, खाली टेकू द्यायचा, मग पुढे जायचे, असा कायदा आहे.

आमच्यासारख्या लहान दुकानदाराने हे यंत्र घेणे परवडणार नाही, हे आम्ही कबूल करतो. पण मोठ्या गोदामवाल्यांनी विचार करावा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्येच शिफारस केली की, प्रौढ पुरुषाने नेहमी हाताने वाहण्याचे ओझे ५५ किलोपेक्षा जास्त नसावे. यंत्र आले तर हमालाची रोजी जाईल, ही भीती खोटी नाही. यंत्र चालवायलाही माणूस लागतो. तो माणूस जुना हमालच असावा, ही जिम्मेदारी मालकाची. ताक्याला पडलेले भोक कटपीसमध्ये खपते. हमालाची मोडलेली पाठ कोणत्याच भावाने भरून येत नाही.