परसातला हौद: बुजवायचा की जपायचा?

कोकणच्या खाडीपट्ट्यात परसात पोहण्याचा हौद बांधणे फार अवघड नाही. चिरा जवळपास मिळतो, गवंडी ओळखीचा असतो आणि आखातातून सुट्टीवर आलेल्या माणसाच्या हाताशी महिना-दीड महिन्याचा वेळ असतो. आमच्या घरचा हौद असाच बांधला गेला. वीस फूट लांब, बारा फूट रुंद आणि तीन फूट पाणी, म्हणजे सुमारे २० हजार लिटर. खरे काम त्यानंतर सुरू होते. दहा-बारा वर्षांत गिलावा फुगतो, कोपऱ्यांतून पाणी पाझरते, तळाशी शेवाळ धरते आणि मग घरात कोणीतरी म्हणतेच, "एकदाचा बुजवून टाका!"

आमच्याकडेही हा विषय निघाला. खर्च, पाण्याची ओढ आणि डेंग्यूची भीती ही बुजवण्याची कारणे होती. जपण्याचे कारण एकच होते, पण वजनदार. आमच्या घरातल्या बायका आणि मुली याच हौदात पोहायला शिकल्या. गावातले मुलगे विहिरीत किंवा खाडीत शिकतात. मुलींना परद्यात पाण्यात उतरायला जागा कुठे आहे? जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, ते कोणी विसरलेले नाही. नदी-खाडीच्या काठी राहणाऱ्या मुलीला पाण्याची ओळख असणे ही चैन नव्हे. म्हणून आम्ही हौद दुरुस्त केला. ज्यांच्या परसात असा हौद आहे, त्यांच्यासाठी हे अनुभवाचे बोल.

आधी गळती शोधा

उन्हाळ्यात वाफ होऊनही पाणी रोज थोडे कमी होतेच. गळती आहे की वाफ, हे कळण्यासाठी बादली पुरते. बादलीत पाणी भरून ती हौदाच्या पायरीवर ठेवावी. बादलीतले आणि हौदातले पाणी एका पातळीत आणून दोन्हीकडे खूण करावी. पंप बंद ठेवून २४ तासांनी पाहावे. दोन्हीकडे सारखेच उतरले तर वाफ. हौदातले जास्त उतरले तर गळती.

दुरुस्तीसाठी आम्हाला जानेवारी सोयीचा वाटला. जमिनीतले पाणी खाली गेलेले असते आणि पुन्हा भरायला विहिरीत पाणी शिल्लक असते. भर पावसाळ्यात हौद कधीही पूर्ण रिकामा करू नये. आत वजन नसले की वर आलेले भूजल तळाला खालून रेटते आणि तळ तडकतो.

गिलावा आणि कोपरे

हौद कोरडा झाल्यावर हातोडीने सगळीकडे हलके ठोकून पाहावे. जिथे भद्द, पोकळ आवाज येतो तिथला गिलावा चिऱ्यापर्यंत काढावा. त्यावरच नवा लेप चढवला तर तो जुन्यासकट सुटतो. भेगा वरवर भरू नयेत. छिन्नीने अर्धा इंच खोल रुंदावून, धूळ काढून मग भराव्यात. एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू आणि जलरोधक द्रव्य असा गिलावा करावा. खाडीची वाळू घरापाशी मिळते, पण तिच्यात मीठ असते. ती वापरली तर लोणा धरतो आणि सळ्या गंजतात. नदीची किंवा दगडाची धुतलेली वाळूच घ्यावी.

भिंत आणि तळ जिथे मिळतात तो कोपरा काटकोनात ठेवू नये, गोलसर वाटा मारून घ्यावा. बहुतेक गळती तिथूनच होते. गिलाव्यावर किमान सात दिवस पाणी मारावे. त्यानंतर जलरोधक लेपाचे दोन हात द्यावेत, पहिला आडवा तर दुसरा उभा.

पाणी बदलू नका, राखा

वाहत्या पाण्याच्या काठीही वुजूला पाणी जपून वापरावे, हे आपण लहानपणी शिकतो. मग दर महिन्याला २० हजार लिटर पाणी ओतून कसे चालेल? अर्ध्या अश्वशक्तीचा पंप आणि वाळूची गाळणी रोज पाच-सहा तास चालवली तर एकच पाणी महिनोन्महिने टिकते. पंपाला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा ट्रिप स्विच हवाच. ओल्या अंगाने बटणाला हात लावायचा नाही, हा घरचा नियम करावा.

पाणी तपासण्याची छोटी पेटी बाजारात मिळते. पीएच ७.२ ते ७.८ आणि क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम असावा. नव्या सिमेंटमुळे सुरुवातीला पीएच वर जातो, तेव्हा पहिले काही आठवडे रोज तपासावे. आमच्या एवढ्या हौदाला ताजी ब्लीचिंग पावडर ६० ग्रॅम घातली की क्लोरीन साधारण एक मिलिग्रॅमने वाढतो. ती बादलीभर पाण्यात कालवून, चुना खाली बसू द्यावा आणि वरची निवळी मगरिबनंतर हौदात सोडावी, कारण उन्हात क्लोरीन उडून जातो. ब्लीचिंग पावडरजवळ ॲसिड किंवा दुसऱ्या प्रकारच्या क्लोरीन गोळ्या आणू नयेत. विषारी वायू निघतो, आगही लागू शकते.

डोळे चुरचुरले की क्लोरीन जास्त झाले, असे आपण समजतो. पुष्कळदा उलटे असते. घाम, तेल आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन तो उग्र वास येतो. म्हणून उतरण्याआधी साबणाने अंघोळ करावी, डोक्यावर खोबरेल नको. कपडे अंगभर पण नायलॉनचे असावेत. सुती कपडा पाणी पिऊन जड होतो, त्याचे धागे गाळणीत अडकतात. ओढणी मात्र पाण्यात कधीच नको.

पहारा

हौदाभोवती चार फूट उंच, उभ्या गजांचे कुंपण आणि आपोआप लागणारे फाटक हवे. आडव्या पट्ट्यांवर मुले चढतात. बुडणारे मूल ओरडत नाही. ते गुपचूप खाली जाते. ईदला घर भरलेले असते तेव्हा धोका सर्वांत जास्त, कारण प्रत्येकाला वाटते की दुसरा कोणी बघतो आहे. आमच्याकडे त्या दिवशी पाळी लावतात. ज्याची पाळी, त्याच्या हातात मोबाइल नसतो. पोहणे संपले की चेंडू-खेळणी बाहेर काढतात, नाहीतर मूल त्यांच्यामागे पुन्हा येते.

दुर्दैवाने कोणी बुडाले आणि श्वास थांबला, तर उलटे टांगू नये, पोट दाबू नये. उताणे निजवून लगेच तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबावी आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. घरातल्या दोघा मोठ्यांनी तरी हे आधी शिकून घ्यावे.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर आम्ही पोहणे बंद ठेवतो. क्लोरीन थांबवून, उरलेला उन्हात उडाला की हौदात गप्पी मासे सोडतो. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत अंड्यातून तयार होतो; गप्पी त्याच्या अळ्या खातात. पावसाळा संपला की मासे विहिरीत जातात. दुरुस्तीसाठी हौद उपसायचा असतो तेव्हा क्लोरीन चार-पाच दिवस आधी बंद करतो आणि ते पाणी माडांना देतो.

एवढे सगळे करायला रोज अर्धा तास लागतो. ज्या घरात तो देणारे कोणी नाही आणि पहाऱ्याला माणूस नाही, त्यांनी हौद खुशाल बुजवून तिथे माड लावावा. त्यात कमीपणा नाही. अर्धवट सोडलेला हौद मात्र ठेवू नये. आणि जपणार असाल तर घरच्या मुलींसोबत शेजारच्या मुलींनाही बोलवा. आमच्या हौदात या वर्षी वाडीतल्या सहा मुली तरंगायला शिकल्या.