एकच कमांड सगळ्या कॉम्प्युटरवर? आधी एकावर चालवून बघा

नाशिक : सेवा केंद्र असो की पतसंस्था, रात्रीचा बॅकअप, जुन्या फायली पुसणं ही कामं आता आपोआप लावता येतात. पण विंडोज आणि लिनक्सला एकच कमांड सारखी कळत नाही. नावात कॅपिटल-स्मॉल अक्षराचा फरक असला तर लिनक्स दोन वेगळ्या फायली धरतं, विंडोज सहसा एकच. मग लिनक्सवरून विंडोजवर कॉपी करताना एक फाईल दुसरीवर चढते अन् एखाद्या खातेदाराची नोंद गुपचूप जाते.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक कंपनीचं सदोष अपडेट असंच आपोआप गेलं. जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले, मॅक आणि लिनक्स चालूच राहिले. मुंबई विमानतळावरही चेक-इन हातानं करायची वेळ आली. अपडेट ७८ मिनिटांत मागं घेतलं, तरी बरीच मशीन एकेक करून दुरुस्त करावी लागली.

द्राक्षबागेत नवं औषध आपण आधी एका ओळीवरच मारतो ना? तसंच प्रत्येक सिस्टिमचं एकेक मशीन आधी घ्या. बॅकअप वेगळ्या ड्राइव्हवर काढा, अन् तो उघडून बघा. पुसायची कमांड आधी नुसती यादी दाखवायला लावा. बाकीच्या मशीनवर दुसऱ्या दिवशी, तेही गर्दीच्या वेळी नको.