पात्र काढून बघा

विज्ञानमालिकांमध्ये गेल्या दहा-पंधरा वर्षांत गे आणि लेस्बियन पात्रं बरीच दिसू लागली आहेत. त्यांतली काही मनात घर करतात. बरीचशी मात्र यादीत नाव हवं म्हणून आलेली असतात आणि मालिका संपली की आठवतही नाहीत. हा फरक पाहणाऱ्याच्या आवडीनिवडीचा मानला जातो. खरं तर तो पटकथेतच घडतो आणि कुठे घडतो ते बोट ठेवून दाखवता येतं.

त्यासाठी एक साधी कसोटी आहे. व्हिटो रूसो या अमेरिकी अभ्यासकाने हॉलिवूडच्या चित्रपटांतल्या समलिंगी पात्रांचा इतिहास 1981 मध्ये पुस्तकरूपाने मांडला. त्याच्या नावाने ‘ग्लाड’ या संस्थेने 2013 मध्ये तीन अटी ठरवल्या. पात्र समलिंगी, उभयलैंगिक किंवा ट्रान्स आहे हे स्पष्ट कळलं पाहिजे. तेवढीच त्याची ओळख असता कामा नये. आणि ते कथानकात असं गुंतलेलं हवं की काढून टाकलं तर गोष्टच हलावी. पहिल्या दोन अटी हुशार लेखक एका दुपारीत पुऱ्या करतो. मेहनत लागते ती तिसरीला.

ही कसोटी कोकणकिनाऱ्यावरच्या रेवस बंदरावर लावून पाहू. समजा, मालिकेतलं साल 2090 आहे. समुद्र चढलाय, रेवस आणि बोडणी ही गावं उठवायची आहेत. भाऊच्या धक्क्याकडे जाणाऱ्या लाँच संगणक चालवतो, पण धरमतर खाडीच्या तोंडाशी गाळ सारखा जागा बदलतो. म्हणून संगणकाच्या जोडीला एक जुना तांडेल ठेवलाय, किसन. आता वाहिनीकडून निरोप येतो की एक गे पात्र हवं. लेखक किसनला निवडतो. चौथ्या भागात किसनला फोन येतो, तो दोन वाक्यं बोलतो आणि फोन ठेवताना सांगतो, “घरून होता. नवरा माझा.” बाजूचा खलाशी समजूतदारपणे हसतो आणि लाँच सुटते.

हा प्रसंग काढून टाका. लाँच तरीही त्याच वेळेला सुटते. कुणाचा निर्णय बदलत नाही, कुणाला काही गमवावं लागत नाही. किसन पहिल्या दोन अटींत उत्तीर्ण होतो, तिसरीत नापास.

असं होण्यामागे लेखकाचा आकस असतोच असं नाही. मालिकेचा कणा पहिल्या काही बैठकांत पक्का होतो: संकट कोणतं, निर्णय कोण घेणार, कोण कुणाला दगा देणार. विविधतेचा विचार त्यानंतर, नट निवडताना किंवा दुसऱ्या-तिसऱ्या खर्ड्यात आला, तर वजनदार जागा आधीच भरलेल्या असतात. उरतो तो मित्र, सहकारी, एखादा फोन. शिवाय असा प्रसंग निर्मात्याला सोयीचा पडतो, कारण तो जिथे अडचणीचा ठरेल तिथे छाटता येतो. ‘स्टार वॉर्स’च्या 2019 सालच्या चित्रपटात दोन स्त्रियांचं ओझरतं चुंबन होतं. सिंगापूरमध्ये ते कापून चित्रपट दाखवला गेला आणि गोष्टीत कुठेही खड्डा पडला नाही. कात्री इतकी सहज चालली, कारण जागा मुळातच तशी ठेवलेली होती.

आता किसनची गोष्ट दुसऱ्या टोकाकडून लिहू. गावं उठवताना सरकार कुटुंब कसं मोजतं? लग्नाच्या दाखल्यावरून. किसन आणि त्याचा जोडीदार यांच्याकडे तो नाही. म्हणून एकाला पनवेलकडची वसाहत मिळते, दुसऱ्याला पार घाटावरची. शेवटची लाँच भरलेली आहे, अधिकारी म्हणतो, “तांडेल, चला.” किसन विचारतो, “त्याचं नाव कुठल्या यादीत हाय?” आणि जेट्टीवरच बसून राहतो. गाळातली वाट त्याच्याखेरीज कुणाला ठाऊक नाही, त्यामुळे चारशे माणसं खोळंबतात. इथे त्या दोघांचा द्वेष करणारा एकही माणूस लागत नाही. कागदाचा एक रकाना पुरतो. आणि जोडीदाराला गोष्टीतून काढलं, तर लाँच का थांबली याचं उत्तर लेखकाकडे उरत नाही.

हा रकाना हवेतून आणलेला नाही. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी कलम 377 मधून काढला. 17 ऑक्टोबर 2023 रोजी मात्र त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. पुढे 2024 मध्ये केंद्र सरकारने राज्यांना कळवलं की असे जोडीदार रेशनकार्डापुरते एका घरातले मानावेत. म्हणजे एका कागदावर घर एक, दुसऱ्यावर दोन. विज्ञानकथा आजची अशी एखादी रेघ पुढे ओढत नेते आणि ती कुठे जाऊन पोचते ते दाखवते. या प्रकाराची खरी ताकद मला इथे दिसते.

ही ताकद बराच काळ आडून वापरली गेली. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’मध्ये 1992 साली ‘द आउटकास्ट’ हा भाग आला. त्यातल्या ग्रहावर सगळे लिंगभेदापलीकडचे. आपण स्त्री आहोत असं वाटणं हाच तिथे गुन्हा. तसं वाटणाऱ्या सोरेनवर रायकर या अधिकाऱ्याचं प्रेम बसतं आणि शेवटी तिच्यावर ‘उपचार’ केले जातात. रूपक धीट होतं, पण सोरेनची भूमिका अभिनेत्रीला दिली गेली, त्यामुळे पडद्यावर प्रेक्षकाला दिसली ती पुरुष-स्त्रीची जोडी. रायकर साकारणाऱ्या जोनाथन फ्रेक्सनेच नंतर म्हटलं की तिथे पुरुष नट हवा होता. त्या विश्वातल्या मालिकेत उघडपणे एकत्र राहणारी पुरुषांची जोडी यायला 2017 साल उजाडलं, ‘डिस्कव्हरी’मध्ये. त्यातला स्टॅमेट्स हा बुरशीचा अभ्यासक, आणि त्याच्या संशोधनावरच ते यान अंतराळात उडी घेतं. त्याला काढलं तर यान जागचं हलणार नाही. मात्र त्याचा जोडीदार, डॉक्टर कल्बर, पहिल्याच पर्वात मान मोडून मारला गेला.

इथे दुसरा सापळा आहे. पात्र महत्त्वाचं करायचं आणि मग त्याच्या मरणाचा उपयोग दुसऱ्याच्या दुःखासाठी करायचा. 3 मार्च 2016 रोजी ‘द हंड्रेड’ या मालिकेत सेनानी लेक्सा मेली. जिच्यावर तिचं प्रेम होतं त्या क्लार्कजवळ ती आली आणि काही क्षणांतच क्लार्कसाठी झाडलेली गोळी तिला लागली. युद्धं जिंकणारी बाई चुकीच्या गोळीने गेली. प्रेक्षकांचा, विशेषतः तरुण मुलींचा, संताप उसळला. त्यांनी आत्महत्या रोखणाऱ्या संस्थेसाठी मोठा निधी उभा केला. कल्बरला पुढच्या पर्वात परत आणलं गेलं. लेक्साला तशी संधी मिळाली नाही.

म्हणजे मरण दाखवूच नये का? विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मध्येही स्त्रीवर प्रेम करणारी मित्रा शेवटी मरते. 1981 सालचं हे नाटक. मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडींनी केली. पण तिथला प्रत्येक प्रवेश मित्राच्या हवेपणातून, हट्टातून, तिच्या कोंडीतून पुढे सरकतो, आणि तिचं मरण त्या साखळीचं टोक आहे. लेक्साचं मरण बाहेरून आलेलं होतं. प्रश्न मरणाचा नाही, ते कुठून येतं याचा आहे.

‘द लास्ट ऑफ अस’ या मालिकेच्या तिसऱ्या भागात, जानेवारी 2023 मध्ये, बिल आणि फ्रँक हे जोडपंही जातं, पण म्हातारे होऊन, एकत्र आणि आपल्या मर्जीने. मूळ व्हिडिओ गेममध्ये फ्रँक कटुतेने बिलला सोडून गेलेला आहे. मालिकेच्या लेखकाने ते बदलून दोघांना वर्षानुवर्षांचा संसार दिला: पियानो, स्ट्रॉबेरीची रोपं, घर रंगवण्यावरून भांडण. शेवटी बिलचं पत्र मालिकेचा नायक जोएल याच्या हाती पडतं, गाडी मिळते आणि कुणाला तरी जपण्याचं कामही. पुढचा सगळा प्रवास त्या पत्रातून निघतो.

तोंडी लावण्यापुरत्या जागेलाही किंमत असते, हेही सांगायला हवं. 1966 च्या ‘स्टार ट्रेक’मध्ये उहुराच्या वाट्याला बहुतेकदा संदेश आल्या-गेल्याचं सांगणं एवढंच असे. उहुरा साकारणारी कृष्णवर्णीय अभिनेत्री निशेल निकल्स मालिका सोडायला निघाली होती. मार्टिन लूथर किंग यांनी तिला थांबवलं. 1992 मध्ये अंतराळात गेलेल्या मे जेमिसन या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्रीने उहुरापासून प्रेरणा घेतल्याचं सांगितलं आहे. पण हे ऋण निकल्सचं आहे. कमी ओळी लिहिणाऱ्यांनी ते आपल्या खात्यावर मांडू नये.

असं पात्र विज्ञानकथेच्या कण्यात गुंफायची सामग्री मराठीत तयार आहे. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली आणि बक्षीस मिळवलं. तेव्हापासून चांगली विज्ञानकथा इथे लिहिली जाते आहे. दुसरीकडे रोहन कानवडेंच्या ‘साबर बोंडं’ या चित्रपटाने 2025 मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपटांच्या गटातलं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक पटकावलं. त्यातला आनंद वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी येतो, नातेवाईक लग्नाचा लकडा लावतात आणि बालमित्र बाळ्या पुन्हा भेटतो. आनंदच्या आईला मुलाचं आधीपासून ठाऊक आहे. त्यामुळे ‘घरी कळलं तर’ या भोवती फिरत बसायची गरज पटकथेला पडत नाही, आणि ती सगळी जागा सुतकाचे नियम पाळत एकमेकांकडे येणाऱ्या दोन पुरुषांना मिळते.