सुपारी देण्याआधी

मंडळी, जत्रा तोंडावर आली की गावच्या पंचांची धावपळ आपण पाहतोच. घरटी पट्टी गोळा होते, कुस्त्यांचे इनाम ठरतात आणि मग प्रश्न निघतो, यंदा तमाशा कोणाचा? त्यासाठी पुणे, अहिल्यानगर, नाशिककडचे पंच जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावची वाट धरतात. गुढीपाडव्याच्या आगेमागे तिथे फडांच्या राहुट्या लागतात. व्यवस्थापक वही उघडून बसतो, घासाघीस होते, विसार दिला जातो आणि सुपारी ठरते. ज्या तिथीला पुष्कळ गावांची जत्रा, त्या तिथीचा भाव अर्थातच चढा.

हा झाला गावाचा आणि फडाचा करार. त्यामागे दुसरा एक करार असतो, तो पंचांना दिसत नाही.

दसऱ्याला फड बाहेर पडतात ते वैशाखात, बुद्ध पौर्णिमेच्या सुमारास परततात. त्याआधी पावसाळ्यात मालक कलावंतांना उचल देतो. ढोलकीवाला, सोंगाड्या, नाचणाऱ्या बाया, तंबू ठोकणारे मजूर, सगळ्यांचा पावसाळा या उचलीवर निघतो. मग हंगामभर काम करून ती फेडायची. कारखान्याला जाणारी ऊसतोडणीची टोळी तुमच्या ओळखीची असेल, तर हा व्यवहार वेगळा समजावून सांगायला नको. फरक इतकाच, की तिथे मुकादम असतो आणि इथे फडमालक. कलावंताला दुसऱ्या फडात जायचे झाले, तर नव्या मालकाने आधीची बाकी भागवायची, अशी रीत आहे. म्हणजे माणूस फड बदलतो, कर्ज मात्र त्याच्याबरोबर चालत जाते.

मालकाला सरसकट दोष देऊ नका. तोही बहुधा सावकाराच्या पैशावरच फड उभा करतो. उचल देणे हा काही गुन्हा नव्हे. पण उचलीपोटी माणसाला जखडून ठेवणे हा 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. हिशेबाची वही एकट्या मालकाकडे असली, की या दोहोंतली रेघ पुसट होते. दिलेली उचल, कापलेली रक्कम आणि राहिलेली बाकी कलावंताच्या हातातल्या वहीतही लिहिलेली हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे. शासनाचे वृद्ध कलावंतांचे मानधन मागताना कलेत घालवलेल्या वर्षांचा पुरावा लागतो. तिथेही ही वही कामाला येते. विठाबाई नारायणगावकरांना 1957 आणि 1990 साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला, तरी 2002 साली त्या गेल्या तेव्हा अखेरचे दिवस हलाखीतच गेले होते. मग साध्या ढोलकीवाल्याची काय कथा!

हा सगळा डोलारा किती नाजूक आहे, ते 2020 साली कळले. त्या वर्षी 25 मार्चला गुढीपाडवा होता आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी लागली. ऐन हंगामात जत्रा बंद, सुपाऱ्या रद्द. 2021 चा चैत्रही तसाच गेला. उचल घेतलेली, ती फेडायला काम नाही.

आता पंचांनो, तुमच्याकडे वळतो. तोंडी करारही कायद्याला मान्य असतो, पण भांडण झाले की तो सिद्ध कसा करणार? म्हणून सुपारी कागदावर घ्या. विसार किती, बाकी केव्हा, सकाळची हजेरी त्याच रकमेत की वेगळी, हे लिहा. अवकाळी पाऊस आला तर कोणी किती सोसायचे, तेही लिहा. वळवाचे ढग पाहून आपण कांदा झाकतो, मग तमाशाची तजवीज नको का?

आणखी एक. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर कर्णा लावता येत नाही. राज्य शासन वर्षातले फार तर 15 दिवस बारापर्यंत सूट देऊ शकते. आपल्या जत्रेचा दिवस त्यात बसतो का, हे पोलीस ठाण्यात आधी विचारा. नाहीतर गण-गौळण होते न होते तोच खेळ थांबतो, वग राहतो आणि गाव फडाचे पैसे कापायला बसते. परवानगी कोणी काढायची आणि खेळ अर्ध्यावर थांबला तर फडाला किती द्यायचे, ही दोन वाक्ये विसाराच्या पावतीवरच लिहून दोघांच्या सह्या घ्या.