गर्भातील अन्नमार्गाची घडण

नवजात बाळास गुदद्वार नसल्याचे आढळले की घरातील पहिला संशय मातेवर जातो. ग्रहणात विळी हाती घेतली होती काय, अशी विचारणा आमच्या कार्यालयातही होते. आम्ही हिशेबाची माणसे. तथापि डॉक्टरांकडून समजून घेतले ते येथे नमूद करतो.

चौथ्या आठवड्यात गर्भाचा अन्नमार्ग म्हणजे एक साधी नळी असते. सहाव्या आठवड्यात पोटात जागा अपुरी पडून आतडी नाळेत शिरतात व दहाव्याच्या सुमारास वळण घेत परततात. दरम्यान नळीच्या शेवटचा मलमूत्राचा सामाईक मार्ग पडद्याने विभागला जातो आणि आठव्या आठवड्यात गुदद्वार खुले होते. हे काम अपुरे राहिल्यास दोष उरतो. सुमारे ५,००० बाळांत एखादे असे जन्मते. ग्रहणाचा येथे काहीही संबंध नाही.

खर्डा परिसरात घात होतो तो उशिराने. जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली सुरू केलेल्या प्रकल्पात गावातील स्त्रियाच आरोग्यसेविका झाल्या. बाळंतिणीच्या खोलीत अशाच बाईची नजर हवी. जन्मताच बाळाचे दुपटे उलगडून पाहावे. चोवीस तासांत काळी शी न झाल्यास वा पोट फुगल्यास गुटी उगाळीत न बसता त्यास बालशल्यचिकित्सकाकडे न्यावे. पुष्कळदा प्रथम पोटावर तात्पुरता मलमार्ग काढतात व पुढील शस्त्रक्रिया टप्प्याटप्प्याने होते.