इराणी शहाची फौज : कागदावरची आणि जमिनीवरची

इ.स.पूर्व 480 मध्ये इराणचा शहा झर्क्सिस ग्रीसवर चालून गेला. त्याच्या पायदळाची मोजदाद कशी झाली ते ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. दहा हजार माणसे दाटीने उभी केली, त्यांच्याभोवती गडगा घातला, आणि तोच गडगा पुन्हा पुन्हा भरून रिकामा केला. बेरीज आली सतरा लाख! सभांची गर्दी मोजण्यात माझी उमर गेली. आकडा कसा फुगतो ते मला ठाऊक आहे. आजचे अभ्यासक फार तर दोन-तीन लाख धरतात, पुष्कळजण त्याहूनही कमी.

रचना मात्र सुटसुटीत. दहांवर एक नाईक, मग शंभरांवर, हजारांवर, दहा हजारांवर. हजारांच्या अधिकाऱ्याला म्हणत ‘हजारपती’. आपला ‘हजार’ फारसीतलाच, आणि संस्कृत ‘सहस्र’ त्याचा भाऊबंद. शहाच्या खास दहा हजारांना ‘अमर’ म्हणत, कारण एक मेला वा आजारी पडला की त्याच्या जागी लगेच दुसरा उभा राही. गिरणीतल्या बदली कामगाराची आठवण होते. अमर होती ती जागा, माणूस नव्हे.

बाकी फौज नाना देशांची. हिंदी लोक सुती कपड्यांत, वेताची धनुष्ये आणि लोखंडी टोकाचे बाण घेऊन आले होते. आरमार फिनिशियन, मिसरी आणि आशियातल्या ग्रीकांचे. वरचे सेनापती बहुतेक इराणी, त्यांतही शहाचे सगेसोयरे पुष्कळ.

पण मंडळी, या सगळ्याचा खर्च कोण करी? बाबिलोनियात शहा जमीन देई आणि बदल्यात चाकरी घेई. एखादी ‘धनुष्य-जमीन’, एखादी ‘घोडा-जमीन’. धारकाने तिरंदाज वा स्वार पुरवायचा, शिवाय चांदीत सारा भरायचा. चांदी आणायची कुठून? निप्पूर गावी मुराशू घराण्याची पेढी होती. ती जमीन तारण घेऊन चांदी देई, जमिनी खंडाने कसायला घेई. पेढीच्या मातीच्या पाट्या आज उपलब्ध आहेत. दुसऱ्या दारियसच्या कारकिर्दीतला, इ.स.पूर्व 421 च्या सुमाराचा एक करार वाचण्यासारखा आहे. गदलयामा नावाचा मनुष्य या घराण्यातल्या सावकाराकडे मागणी करतो : सामानासह घोडा, लोखंडी चिलखत, ढाल, एकशेवीस बाण, दोन भाले आणि वाटखर्चाला चांदी. एवढे मिळाले की उरुकला शहाच्या हजेरीस जाऊन घोडा-जमिनीची चाकरी तो बजावणार. सावकाराने सामान दिले.