हावड्याचे दोन कर्णधार

हावडा हे नाव आपल्याकडे बहुधा रेल्वेच्या वेळापत्रकावरून परिचित झालेले असते. भुसावळ, अकोला किंवा नागपूर येथील फलाटावर उभे राहून ज्यांनी हावडा मेलची वाट पाहिली आहे, त्यांच्या दृष्टीने हावडा म्हणजे केवळ शेवटचे स्थानक होय. तेथे उतरावे, हुगळीवरचा प्रचंड पूल ओलांडावा आणि कोलकात्यात शिरावे; मागे राहिलेल्या गावाकडे वळून पाहण्याचे कारण प्रवाशाला सहसा पडत नाही. तागाच्या गिरण्या, ओतशाळा, रेल्वेची कोठारे आणि दाट वस्तीच्या गल्ल्या यांचे हे गाव. परंतु स्वतंत्र भारताच्या फुटबॉल संघाचा इतिहास ज्याला समजून घ्यावयाचा असेल, त्याने पूल ओलांडण्यापूर्वी येथे थोडे थांबले पाहिजे. 1951 साली आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाचा कर्णधार हावड्याचा होता आणि 1956 साली ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळविणाऱ्या संघाचा कर्णधारही हावडा जिल्ह्यातील बाली या गावचा होता.

त्यांच्याकडे वळण्यापूर्वी एका जुन्या सामन्याचे स्मरण करणे अवश्य आहे. 29 जुलै 1911 रोजी कलकत्त्याच्या मैदानावर मोहन बागान या बंगाली संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीचा 2 विरुद्ध 1 असा पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. तो सामना पाहण्यासाठी आगगाड्यांनी आणि आगबोटींनी दूरदूरचे लोक आले होते. विजयी संघातील अकरा जणांपैकी सुधीर चटर्जी या एकाच्या पायांत बूट होते. बाकीचे दहा जण अनवाणी खेळले. बुटांच्या पलटणीवर उघड्या पायांनी मिळविलेला तो जय लोकांच्या मनात असा काही ठसला की, पुढे चाळीस वर्षे उघडा पाय हीच भारतीय फुटबॉलची खूण होऊन बसली. ही खूण अभिमानाची होती यात शंका नाही. ती सोयीची होती काय, हा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला.

शैलेन मन्ना यांचा जन्म 1924 साली हावड्यातील ब्यात्रा येथे झाला. हावडा युनियन या स्थानिक संघातून खेळास आरंभ करून 1942 साली ते मोहन बागानमध्ये गेले आणि 1960 पर्यंत तेथेच राहिले. ते बचावफळीतील खेळाडू होते. गोल करणाऱ्याचे नाव सर्वांच्या तोंडी होते. गोल अडविणाऱ्याचे नाव जिभेवर यायला त्याच्यात काही निराळेच असावे लागते. मन्नांच्या ठायी ते होते. त्यांची फ्री किक दुरून येई आणि अचूक येई. शिवाय मैदानावरील त्यांचे सौजन्य इतके होते की, प्रतिस्पर्धी संघांचे चाहतेही त्यांना ‘मन्नादा’ म्हणत. खेळ हा त्या काळी उपजीविकेचा व्यवसाय नव्हता. मन्नांची उपजीविका भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील नोकरीवर चाले.

1948 साली लंडनला ऑलिंपिक भरले. स्वातंत्र्य मिळून वर्षही पुरे झाले नव्हते. भारताचा जो संघ लंडनला गेला, त्याची जडणघडण पाहण्यासारखी आहे. कर्णधार तालिमेरेन आओ हे नागा टेकड्यांतील, कलकत्त्यास वैद्यकीचे शिक्षण घेणारे तरुण. ऑलिंपिकच्या उद्घाटन संचलनात देशाचा ध्वज त्यांच्याच हाती होता. सारंगपाणी रामन आणि अहमद खान बंगलोरचे, साहू मेवालाल बिहारात जन्मून कलकत्त्यात वाढलेले, मन्ना हावड्याचे. एका भाषेत सर्वांचे संभाषण होणे कठीण, एका ताटात सर्वांचे जेवण होणे त्याहून कठीण. ‘राष्ट्रीय संघ’ या शब्दांतील ‘राष्ट्रीय’ म्हणजे नेमके काय, याचे उत्तर तेव्हा घटना समितीत लिहिले जात होते. येथे ते चेंडू एकमेकांकडे देता देता शोधले जात होते.

31 जुलै 1948 रोजी लंडनजवळच्या इलफर्ड येथे फ्रान्सशी गाठ पडली. भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी होते. फ्रान्सने पहिला गोल केला. सत्तराव्या मिनिटाला रामन यांनी बरोबरी साधली. अखेरच्या मिनिटांत फ्रान्सने दुसरा गोल करून सामना जिंकला. भारताला दोन पेनल्टी मिळाल्या होत्या आणि दोन्ही वाया गेल्या. त्यांपैकी एक मन्नांनी मारली होती. 2 विरुद्ध 1 या पराभवात ती पेनल्टी किती जड होती, हे निराळे सांगावयास नको.

लंडनच्या प्रेक्षकांनी मात्र अनवाणी पायांचे अपार कौतुक केले. राजवाड्यातील समारंभात राजघराण्यातील कोणीतरी मन्नांना विजार वर करून पाय दाखविण्यास सांगितले, ते पोलादाचे तर नाहीत ना हे पाहण्यासाठी, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते. सांगणारा बदलला की राजघराण्यातील व्यक्तीही बदलते. आख्यायिका गोड आहे. परंतु पायांकडे पाहता पाहता खेळाकडे दुर्लक्ष झाले, असे प्रस्तुत लेखकास वाटते. बलाढ्य फ्रान्सला अखेरच्या क्षणापर्यंत झुंजविणारा संघ जगाच्या स्मरणात राहिला तो ‘अनवाणी खेळणारे भारतीय’ म्हणून.

नवस्वतंत्र राष्ट्राला फुटबॉल संघ कशासाठी हवा असतो, हे आफ्रिकेतील दोन उदाहरणांवरून अधिक स्पष्ट दिसेल. 6 मार्च 1957 रोजी गोल्ड कोस्ट ही ब्रिटिश वसाहत घाना या नावाने स्वतंत्र झाली. तिच्या ध्वजावर मध्यभागी काळा तारा होता आणि तिच्या फुटबॉल संघाचे नावही ‘ब्लॅक स्टार्स’, म्हणजे काळे तारे, असे पडले. मार्कस गार्व्ही या जमैकाच्या नेत्याने कृष्णवर्णीयांच्या मालकीची जी आगबोट कंपनी काढली होती, तिच्या नावावरून हा तारा आलेला आहे. पंतप्रधान एन्क्रुमा यांच्या दृष्टीने हा संघ म्हणजे आफ्रिकेच्या एकतेचा दूतच होता. चार्ल्स ग्याम्फी या स्वदेशी प्रशिक्षकाच्या हाताखाली त्या संघाने 1963 आणि 1965 या दोन्ही वर्षी आफ्रिकेचे विजेतेपद मिळविले. अल्जीरियाची कथा तर याहून विलक्षण आहे. तेथे देशाच्या आधी संघ जन्मला! एप्रिल 1958 मध्ये फ्रान्समधील नामांकित क्लबांतून खेळणारे काही अल्जीरियन खेळाडू गुपचूप देश सोडून ट्यूनिस येथे जमले आणि स्वातंत्र्य आघाडीच्या नावाने खेळू लागले. त्यांपैकी मुस्तफा झितूनी यांची त्या वर्षीच्या विश्वचषकासाठी फ्रान्सच्या संघात निवड होण्याची चिन्हे होती. त्यांनी तिच्यावर पाणी सोडले. जागतिक फुटबॉल महासंघाने त्या संघास मान्यता दिली नाही. तरीही तो देशोदेशी खेळत राहिला आणि 1962 साली त्याच्यामागून राष्ट्र आले.

घानाने आपला तारा निवडला, अल्जीरियाने आपला लढा निवडला. आपल्या संघाची ओळख अशी कोणी ठरवून घडविली नाही. ती इतरांच्या कौतुकातून घडली आणि म्हणून तिच्यात सत्य व दंतकथा यांची सरमिसळ झाली.

याचे ठळक उदाहरण 1950 सालचे. ब्राझीलमधील विश्वचषकाच्या पात्रता फेरीतून इतर संघांनी माघार घेतल्यामुळे भारताचा प्रवेश न खेळताच निश्चित झाला होता. स्वीडन, इटली आणि पॅराग्वे यांच्याबरोबर भारताचा गटही ठरला. संघ गेला असता तर नेतृत्व मन्नांकडे असते. परंतु संघ गेला नाही. अनवाणी खेळण्यास मनाई झाल्यामुळे भारताने बाणेदारपणे नकार दिला, ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे आणि अनेकांना ती आवडतेही. प्रत्यक्षात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्या वेळी दिलेली कारणे संघनिवडीवरील मतभेद आणि सरावास अपुरा वेळ ही होती. मन्ना यांनीही उतारवयात बुटांची ही कथा नाकारली. विश्वचषकाचे महत्त्वच तेव्हा कोणास फारसे ठाऊक नव्हते, आमच्या दृष्टीने ऑलिंपिक हेच सर्वस्व होते, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. आपल्या पायांवर रचलेली ही दंतकथा नाकारणे त्यांना सोपे गेले नसेल. मान्य केली असती तर त्यांचाच मोठेपणा वाढला असता. भारतीय संघ विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत आजवर एकदाही खेळलेला नाही, हे लक्षात घेतले म्हणजे त्या चुकलेल्या बोटीचे मोल कळते.

पुढच्याच वर्षी, मार्च 1951 मध्ये, दिल्लीस पहिले आशियाई क्रीडासामने झाले. कर्णधार मन्ना, प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. इंडोनेशिया आणि अफगाणिस्तान यांच्यावर प्रत्येकी 3 विरुद्ध 0 असा विजय मिळविल्यावर 10 मार्च रोजी अंतिम सामन्यात इराणशी गाठ पडली. मेवालाल यांनी केलेला एकमेव गोल भारताला पुरला. स्वतंत्र भारताच्या फुटबॉलचे हे पहिले सुवर्णपदक. मन्नांच्या बचावफळीने साऱ्या स्पर्धेत एकही गोल होऊ दिला नाही.

आणि त्यानंतर अवघ्या सोळा महिन्यांनी हेलसिंकी! 1952 च्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा 10 विरुद्ध 1 असा धुव्वा उडविला. कर्णधार मन्नाच होते. फिनलंडची थंडी, ओलसर मैदान आणि त्यावर उघडे पाय. बूट घातलेल्या, कसलेल्या युरोपीय संघासमोर कौशल्य अपुरे पडले. युगोस्लाव्हियाने पुढे त्या स्पर्धेत रौप्यपदक मिळविले, हे खरे; परंतु दहा हा आकडा कशानेच झाकला जात नाही. या पराभवानंतर महासंघाने बूट सक्तीचे केले. 1911 पासून मिरविलेली खूण नियमाच्या एका ओळीने पुसली गेली.

अनवाणी पाय वाढलेल्या वयात बुटात कोंबणे म्हणजे काय, हे ज्याने लहानपणी मोकळ्या मैदानात फुटबॉल खेळला आहे त्याला सहज उमजेल. कोल्हापूरच्या पेठांतील तालमींच्या संघांचे सामने शाहू स्टेडियमवर पाहणाऱ्या वाचकांना ते अधिकच उमजेल. अंगठ्याने चेंडूशी केलेली सारी लगट विसरून पुन्हा प्रारंभापासून शिकावयाचे. भारतीय खेळाडूंनी हे चार वर्षांत साधले, ही गोष्ट अनवाणी खेळण्यापेक्षा मोठी आहे असे म्हणावेसे वाटते. दुर्दैव असे की, तिची आख्यायिका कोणी केली नाही.

येथे हावड्याचा दुसरा कर्णधार येतो. समर बॅनर्जी यांचा जन्म 1930 साली बालीस झाला. सर्वजण त्यांना बद्रु म्हणत. गावच्या संघातून निघून, बंगाल-नागपूर रेल्वेच्या संघातून ते 1952 साली मोहन बागानमध्ये आले. 1955 साली मुंबईच्या कूपरेज मैदानावर मोहन बागानने प्रथमच रोव्हर्स चषक जिंकला, तो याच काळात. त्याआधीची सलग पाच वर्षे तो चषक रहीम यांच्या हैदराबाद पोलीस संघाकडे होता. 1956 साली रहीम प्रशिक्षक आणि बद्रु कर्णधार अशी जोडी मेलबर्न ऑलिंपिकसाठी जमली.

हंगेरीने माघार घेतल्याने भारत पुढच्या फेरीत गेला. 1 डिसेंबर रोजी यजमान ऑस्ट्रेलियाशी सामना झाला आणि भारताने तो 4 विरुद्ध 2 असा जिंकला. त्यांतील तीन गोल एकट्या नेव्हिल डिसूझा यांचे; मुंबईत खेळणारा हा गोमंतकीय तरुण ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारा पहिला आशियाई ठरला. उपांत्य फेरीत पुन्हा युगोस्लाव्हिया. उत्तरार्धाच्या आरंभी नेव्हिल यांनी गोल केला आणि काही क्षण भारत आघाडीवर होता. चार वर्षांपूर्वी ज्यांनी दहा गोल चढविले त्यांच्यावर आघाडी! ती टिकली नाही. युगोस्लाव्हियाने चार गोल केले. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने 3 विरुद्ध 0 असे हरविले. चौथा क्रमांक. ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचलेला आशियातील तो पहिला संघ होता. स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांत, आणखी दोघांच्या बरोबरीने, नेव्हिल डिसूझांचे नाव लागले.

हीच परंपरा 1962 साली जकार्ता येथे कळसास गेली. चुनी गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली, विरोधात ओरडणाऱ्या प्रेक्षकांसमोर, भारताने दक्षिण कोरियाला 2 विरुद्ध 1 असे हरवून दुसरे आशियाई सुवर्ण मिळविले. फाळणीत घरदार सोडून आलेल्या जर्नेलसिंग यांनी डोक्याला टाके असताना गोल केला. रहीम तेव्हा कर्करोगाने ग्रासलेले होते; पुढच्या वर्षी जूनमध्ये ते निवर्तले. त्यानंतरची उतरण येथे सांगत नाही. 1960 च्या रोमनंतर भारतीय फुटबॉल संघ ऑलिंपिकला पात्र झालेला नाही, एवढे म्हटले की पुरे.

मन्ना यांना 1971 साली पद्मश्री मिळाली आणि शतकाच्या अखेरीस महासंघाने त्यांना सहस्रकातील फुटबॉलपटू म्हणून गौरविले. 27 फेब्रुवारी 2012 रोजी ते वारले. हावड्यात त्यांच्या नावाचे क्रीडांगण आहे. बद्रु बॅनर्जी निवृत्तीनंतर प्रशिक्षक झाले. खेळाडू म्हणून त्यांनी बंगालला संतोष करंडक जिंकून दिला होताच, 1962 साली प्रशिक्षक म्हणूनही जिंकून दिला. त्यांना पद्म पुरस्कार मिळाला नाही. 20 ऑगस्ट 2022 रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे कोलकात्यात निधन झाले, तेव्हा देशातील पुष्कळ वृत्तपत्रांना मेलबर्न म्हणजे काय हे वाचकांस नव्याने समजावून सांगावे लागले.